सरकानीची दारू आणि महानागाचा हत्ती

कपिलवस्तूत सरकानी नावाचा एक शाक्य वारला. तो सोतापन्न, म्हणजे जागृतीचा पहिला टप्पा गाठलेला होता, आता त्याची अधोगती होणं नाही, संबोधी त्याच्यासाठी ठरलेली आहे, असं बुद्धांनी त्याच्याविषयी सांगितलं. गावात कुजबुज सुरू झाली. कुजबुज कसली, उघड चेष्टाच. सरकानी दारू प्यायचा, शिक्षापदं पाळण्यात कच्चा होता, हे सगळ्यांना ठाऊक. हा जर सोतापन्न, तर आता गावात राहिलं तरी कोण, असं शाक्य मंडळी चारचौघांत बोलू लागली. हे गाऱ्हाणं घेऊन महानाम शाक्य बुद्धांकडे गेला. संयुत्तनिकायात ही हकिकत आहे, आणि तीत बुद्ध आपल्या शब्दावरून तसूभरही हटत नाहीत. इतकी वर्षं बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण गेलेल्या उपासकाची दुर्गती होईलच कशी, असं ते उलट विचारतात. पुढे तर असं म्हणतात की समोरच्या या मोठाल्या शालवृक्षांना चांगलं बोललेलं कोणतं आणि वाईट बोललेलं कोणतं हे कळलं असतं, तर त्यांनाही मी सोतापन्न म्हटलं असतं. मग सरकानीचं काय घेऊन बसलात? शिवाय मरणसमयी त्यानं शिक्षा स्वीकारली होती, हेही ते सांगतात.

ही गोष्ट ऐकून दोन तऱ्हेची माणसं अवघडतात. धम्म म्हणजे निष्कलंक आचरण, असं मानणाऱ्यांना दारूडा सोतापन्न पचत नाही. ध्यानाला बसणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात जागृतीची पहिली पायरी म्हणजे एक विलक्षण क्षण असतो: प्रकाश, शरीराचा विलय, काळ थांबणं, असं काहीतरी. सरकानी रोज किती वेळ बसायचा, त्याला काय दिसलं, याबद्दल सुत्तात अवाक्षर नाही. हे अनवधानानं राहून गेलं असं मला वाटत नाही. जागृतीचा पहिला टप्पा माणसाला काय अनुभवाला आलं यावर पाली सुत्तं ठरवत नाहीत. त्याच्यातलं काय कायमचं तुटलं, यावर ठरवतात. हे ध्यानात न राहिल्यामुळे आपल्याकडे एक तर हा टप्पा माणसाच्या आवाक्याबाहेरचा मानून देव्हाऱ्यात ठेवला जातो, नाही तर शिबिरातून पदरात पाडून घ्यायची वस्तू होऊन बसतो.

तुटायचं काय, ते अगदी नेमकं सांगितलेलं आहे. सोतापन्न, सकदागामी, अनागामी आणि अर्हत असे चार टप्पे, आणि माणसाला बांधून ठेवणारी दहा संयोजनं. पहिल्या टप्प्यावर त्यांतली तीन तुटतात. शरीर, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांपैकी कशात तरी ‘मी’ आहे, ही समजूत म्हणजे सत्कायदृष्टी. हा मार्ग खरा की खोटा, या हेलकाव्यात अडकून राहणं म्हणजे विचिकित्सा. आणि अमुक व्रत, तमुक विधी केला की सुटलो, या भरवशाला शीलव्रतपरामर्श म्हणतात. बस, एवढंच. कामवासना आणि द्वेष दुसऱ्या टप्प्यावर नुसते पातळ होतात आणि तुटतात तिसऱ्यावर. मान, चित्ताची चुळबुळ, अविद्या ही तर अर्हत होईपर्यंत पिच्छा सोडत नाहीत.

म्हणजे सोतापन्न माणूस संसार करतो, त्याला राग येतो, तो रडतो. श्रावस्तीची विशाखा सातव्या वर्षी सोतापन्न झाली अशी परंपरा सांगते. पुढे तिचं लग्न झालं, मोठं खटलं झालं, तिनं भिक्खुसंघासाठी पूर्वाराम बांधून दिला. उदान या ग्रंथात ती एकदा भर दुपारी ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी बुद्धांकडे आलेली दिसते. लाडकी नात वारलेली असते. तू सोतापन्न, तुला रडणं शोभतं का, असं बुद्ध तिला विचारत नाहीत. श्रावस्तीत जितकी माणसं तितकी नातवंडं तुला हवीत का, असं विचारतात. ती हो म्हणते. मग या नगरात रोज किती माणसं मरतात, हा पुढचा प्रश्न येतो, आणि आपले केस कधी वाळलेलेच दिसणार नाहीत हे तिचं तिलाच कळतं. शोकाला अंकुश लागला तो त्या दुपारी. तोवर, सोतापन्न असूनही, ती सरळ शोकच करत होती.

याच उदानात सुप्रबुद्ध आहे. राजगृहातला एक कुष्ठरोगी, दरिद्री. लांबून माणसांची गर्दी दिसते. तिथं अन्नदान चाललं असेल, आपल्यालाही काही मिळेल, म्हणून तो जातो. बघतो तर बुद्ध बोलत बसलेले. आता आलोच आहोत तर ऐकू, म्हणून एका बाजूला टेकतो. सभेतल्या सगळ्यांवरून नजर फिरवल्यावर बुद्धांना कळतं की आज समजून घेण्याजोगा आहे तो हाच. मग ते दानापासून, शीलापासून सुरुवात करून पायरीपायरीनं बोलतात आणि सुप्रबुद्धाला धम्मचक्षू लाभतो: जे उत्पन्न होतं ते निरोध पावतं, हे त्याला दिसतं. तिथून निघाल्यावर वासरू असलेल्या गाईनं मारल्यानं तो मेला. त्याची पूर्वतयारी म्हणजे भूक, आणि बसून ऐकण्याइतकी सवड.

मग एखादा माणूस सोतापन्न आहे की नाही हे ठरवायचं कुणी? दीघनिकायातल्या महापरिनिब्बानसुत्तात याचं उत्तर आहे. नादिका गावी विटांच्या घरात बुद्धांचा मुक्काम असताना त्यांचा सेवक आनंद एकेका मृताचं नाव घेऊन विचारतो, हा कुठल्या गतीला गेला, ती कुठल्या गतीला गेली. बुद्ध सांगतात: या गावचे पन्नासाहून अधिक उपासक अनागामी झाले, नव्वदाहून अधिक सकदागामी, पाचशेहून अधिक सोतापन्न. हे सगळे घरसंसारातले लोक. मात्र पाठोपाठ ते आनंदाला हेही सुनावतात की माणूस मेला की तुम्ही येऊन असं विचारणार, हा मला त्रासच आहे. म्हणून ते त्याला ‘धम्मादास’ देतात. आदास म्हणजे आरसा. ज्याची बुद्धावर, धम्मावर आणि संघावर समजून उमजून अढळ श्रद्धा आहे आणि ज्याचं शील आर्यांना मान्य असं अखंड आहे, त्यानं हवं तर आपलं आपण म्हणावं की मी सोतापन्न आहे. दाखला द्यायचं काम बुद्धांनी स्वतःकडे ठेवलं नाही, आणि दुसऱ्या कुणावरही सोपवलं नाही.

त्या आरशातल्या चार गोष्टी पुन्हा बघा: बुद्ध, धम्म, संघ, शील. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बुद्धविहारात दर रविवारी वंदनेला जे म्हणतात ते हेच, त्रिसरण आणि पंचशील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून घेतलं तेही हेच, आणि मग समोरच्या लाखोंना दिलं. ‘आमच्यात ध्यान नाही, आमची आपली नुसती वंदना,’ असं कधी संकोचानं, कधी फणकाऱ्यानं बोलणारे उपासक आहेत. त्यांच्या तोंडी रोज जे शब्द आहेत ती पहिल्या टप्प्याची व्याख्याच आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पाठ म्हटल्यानं काम भागत नाही, हे उघड आहे. श्रद्धा समजून आलेली हवी आणि संकटात न डगमगणारी हवी. शील गळ्यापुरतं नको. पण आराखडा बाहेरून आणायला नको, तो त्यांच्या पाठातच आहे.

पुढे शेकडो वर्षांनी साधनेच्या वाटेचे नकाशे आले. इसवी सनाच्या पाचव्या शतकात अनुराधपुरात बुद्धघोषांनी ‘विशुद्धिमग्ग’ लिहिला आणि साधकाला कोणतं ज्ञान कोणत्या क्रमानं होतं याची बारीक मांडणी केली. आपल्याकडे हा ग्रंथ वाचकांपर्यंत पोचला तो बहुतांशी धर्मानंद कोसंबींमुळे. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बौद्ध धर्म शिकायला म्हणून घर सोडून निघाला, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशात भिक्खूंजवळ राहिला, आणि या एका ग्रंथाच्या संपादनासाठी एकाहून अधिक वेळा हार्वर्डला गेला. १९४० मध्ये मुंबईहून त्यांची देवनागरी आवृत्ती निघाली. हार्वर्डची आवृत्ती छापून आली १९५० मध्ये, कोसंबींना जाऊन तीन वर्षं झाल्यावर.

गंमत अशी की अनुभवाच्या मोहाबद्दल सगळ्यांत कडक ताकीद या नकाशाच्या ग्रंथातच आहे. उदय-व्यय दिसू लागलेल्या कोवळ्या विपश्यनेत दहा उपक्लेश उद्भवतात, असं बुद्धघोष सांगतात. त्यांची नावं वाचून नवख्याला वाटेल ही बक्षिसांची यादी आहे: प्रकाश, ज्ञान, प्रीती, शांती, सुख, श्रद्धेचं भरतं, उत्साह, सजगता, उपेक्षा. दहावी या सगळ्यांची सूक्ष्म ओढ, आणि खरी गोम तिच्यात. असा प्रकाश मला कधी दिसला नव्हता, म्हणजे मी पोचलो, असं साधक म्हणतो आणि मूळ काम सोडून त्यातच रमतो. हे उपक्लेश आळशाच्या वाट्याला येत नाहीत आणि खरोखर पोचलेल्याच्याही नाही, असं ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे. मन लावून बसणाऱ्या नव्या साधकाचाच हा धोका.

इथं बुद्धघोष एक गोष्ट सांगतात, आणि सगळ्या ग्रंथात मला तीच जास्त आवडते. उच्चवालिक इथले महानाग थेर मोठे साधक होते. साठ वर्षं ते स्वतःला अर्हत समजत होते. धम्मदिन्न नावाच्या त्यांच्या शिष्यानं ओळखलं की गुरुजी अजून साधेच आहेत. तो भेटीला गेला. आधी त्यानं काही प्रश्न विचारले, थेरांनी चोख उत्तरं दिली. मग तो म्हणाला, भंते, कान ताठ केलेला, शेपूट उभारलेला, सोंड तोंडात धरून चीत्कारत तुमच्यावर धावून येणारा एक हत्ती निर्माण करा. थेरांनी ऋद्धीनं हत्ती उभा केला. तो आपल्याच अंगावर येतोय असं पाहिल्यावर ते उठले आणि पळू लागले. शिष्यानं हात पुढे करून चीवराचं टोक धरलं आणि विचारलं, भंते, ज्याचे आस्रव, चित्ताचे मळ, संपले त्याला भय असतं का? थेरांना उमगलं. शिष्याच्या पायाशी उकिडवे बसून त्यांनी मदत मागितली. ध्यान होतं, प्रज्ञा होती, ऋद्धीसुद्धा होती. त्यांतल्या कशानंही साठ वर्षांत त्यांना त्यांची खरी जागा दाखवली नाही. ती दाखवली पळणाऱ्या पायांनी.

आज दहा दिवसांच्या कुठल्याही शिबिरात मौन सुटलं की पहिल्या तासाभरात काय बोललं जातं ते ऐकावं. जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन लोक एकमेकांना विचारत असतात: तुझं कसं झालं? मला सातव्या दिवशी सगळं अंग विरघळल्यासारखं झालं. मला फक्त गुडघा. ज्याचा फक्त गुडघा दुखला तो हिरमुसतो, ज्याचं अंग विरघळलं तो जरा हळू चालू लागतो. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून येऊन शिकवू लागले, आणि १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरीवर हे काम उभं राहिलं. संवेदनांचा खेळ खेळू नका, हे त्यांनी साधकांना वारंवार बजावलं आहे. तरीही खेळ होतोच, कारण अनुभव सांगता येतो, मिरवता येतो. सुटलेली गोष्ट कशी मिरवणार?

मिरवण्याचा हा धोका विनयपिटकानं फार आधी ओळखला होता. वज्जी देशात दुष्काळ पडला. वग्गुमुदा नदीच्या काठी वर्षावासाला बसलेल्या भिक्खूंना भिक्षा मिळेना. त्यांनी युक्ती काढली: गृहस्थांपुढे एकमेकांच्या सिद्धींची वाखाणणी करायची. हा भिक्खू सोतापन्न, तो अर्हत. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन यांना खाऊ घातलं. वर्षावास संपल्यावर बाकीचे भिक्खू वाळलेले आले आणि हे गुबगुबीत. त्यावरून चौथी पाराजिका ठरली: आध्यात्मिक प्राप्तीचा खोटा दावा करणारा संघाबाहेर. चोरी आणि मनुष्यहत्या यांच्या पंगतीत हा दावा बसवला आहे. एवढ्यावर थांबले नाहीत. दावा खरा असला तरी दीक्षा न घेतलेल्यांपुढे तो सांगणं हाही दोषच, असा एक पाचित्तिय नियम आहे. आणि प्रामाणिक गैरसमजातून कुणी बोलला, तर त्याला पाराजिका लागत नाही. महानागांसारख्यांना ही सवलत होती. पोटासाठी बोलणाऱ्यांना नाही. बुद्धांच्या संघात लोकांपुढे प्राप्तीचा पुकारा करायला जागा नव्हती. आजच्या बाजारात ती भरपूर आहे.

यावर ध्यानमार्गी माणूस म्हणेल, ठीक आहे, पण मग सोतापत्ती म्हणजे नुसतं पटणं का? चार पुस्तकं वाचली, आत्मा नाही हे पटलं, झालो सोतापन्न? आक्षेप रास्त आहे. बुद्धांचं पहिलं प्रवचन ऐकताना कौण्डिन्याला जे झालं ते पटणं नव्हतं, दिसणं होतं, आणि असं दिसायला चित्त स्थिर लागतं. ध्यानाचं प्रयोजन तिथं आहेच. माझा मुद्दा पुराव्याचा आहे. दिसलं याचा पुरावा त्या क्षणाच्या झगझगाटात नसतो. तो नंतर मिळतो, घरी, कचेरीत, भाऊबंदकीत. सत्कायदृष्टी गेलेल्या माणसाला अपमान लागतो, पण अपमान झालेला कुणी एक आत कायमचा बसलेला आहे आणि त्याची भरपाई झालीच पाहिजे, हा हिशेब तो मांडत नाही. ‘मी’ची समजूत जाते आणि ‘मी’चा वास मागे राहतो. खेमक नावाच्या आजारी भिक्खूनं हा फरक कौशाम्बीतल्या थेरांना समजावून सांगितला होता: परिटानं धुतलेल्या वस्त्राचा मळ गेला तरी खाराचा, शेणाचा वास त्याला काही काळ असतोच. ही पातळी अनागामी अवस्थेची. मग पहिल्या टप्प्यावरच्या माणसाकडून आपण बिनवासाच्या वस्त्राची अपेक्षा करतो, ती कुठल्या आधारावर?

आता तिसरं संयोजन. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हे दहा अडथळे घेतले आहेत: पहिला स्वत्वाचा भ्रम, दुसरा शंका आणि अनिश्चय, तिसरा विधी-संस्कारांच्या सामर्थ्यावरची भिस्त. आणि तिसऱ्यावर त्यांनी नुसतं लिहिलं नाही. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून घेणार नाही, हे बावीस प्रतिज्ञांमध्ये लाखो माणसांनी एका मैदानात उभं राहून म्हटलं. शीलव्रतपरामर्श एकेकट्यानं सोडायची गोष्ट म्हणून भिक्खूंना ठाऊक होती. समाजानं मिळून ती सोडायची असते, हे नागपुरात घडलं. याला अध्यात्म न मानता नुसतं समाजकारण मानणारे ध्यानमार्गी लोक सुत्त नीट वाचत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वेळी हेही खरं की सोडलेल्या विधीच्या जागी नवा विधी येऊन बसायला वेळ लागत नाही. कुणाचा वंदनेच्या मेणबत्त्यांचा मान ठरतो, कुणी शिबिरांची संख्या सांगतो. तेवीस शिबिरं झाली म्हणजे काहीतरी जमा झालंच असणार, हा हिशेब पिंडदानाच्या हिशेबाहून फार लांब नाही.

पहिल्या संयोजनाचंही तसंच. ग्रंथांत सत्कायदृष्टीचं विश्लेषण पाच स्कंधांच्या भाषेत येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं हा काही सूक्ष्म मानसशास्त्राचा विषय आहे. पण आपल्या समाजात ‘मी’ सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत टणक भेटतो तो जातीत. शाक्य कुमार प्रव्रज्येला निघाले तेव्हा त्यांनीच विनंती केली की आमचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यांचा ताठा उतरेल. सरकानीला हसणारे, ते याच कुळातले. जो माणूस शिबिरात देहाचा कण न् कण विरताना पाहतो आणि घरी येऊन मुलीच्या लग्नासाठी पोटजात बघतो, त्याचं नेमकं काय विरलं?

सात जन्मांचं काय, हा प्रश्न राहतोच. सोतापन्न फार तर सात वेळा जन्मतो असं सुत्तं सांगतात. बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला, त्यामुळे त्यांच्या वाटेवरच्या वाचकाला हा हिशेब अडतो. मला तो तितकासा अडत नाही. कोण कुठल्या गतीला गेलं या चौकशीचा खुद्द बुद्धांना वैताग आला होता, हे नादिकेच्या प्रसंगात दिसतंच. आणि त्यांनी हाती दिलेल्या आरशातल्या चारही अटी याच जन्मात, याच देहात तपासायच्या आहेत.

पहिला टप्पा म्हणजे किरकोळ, खरा माणूस अर्हत, असं मानणाऱ्यांनी आनंदाकडे पाहावं. बुद्धांच्या हयातीत तो सोतापन्नच राहिला. पंचवीस वर्षं त्यानं त्यांची सेवा केली, बुद्धांची मावशी महाप्रजापती हिच्यासाठी आणि स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी बुद्धांशी वाद घातला, बुद्ध जाणार हे कळल्यावर तो दाराच्या खुंटीला धरून रडला. बुद्धांनंतर राजगृहात भरलेल्या संगीतीत त्याला घ्यावं की नाही यावर खल झाला, कारण तो अर्हत नव्हता. अर्हत झाला तो संगीतीच्या आदल्या रात्री, पहाटेच्या सुमारास. दुसऱ्या दिवशी त्यानं सुत्तं म्हणून दाखवली. पण ती ऐकली, समजून घेतली आणि स्मरणात ठेवली ती आधीच्या पंचवीस वर्षांत. सरकानीची गोष्टही आपल्यापर्यंत आली ती एका सोतापन्नाच्या स्मरणातून.